चारा टाका, पण हिशेबानं: किल्लारीच्या पाण्यातले मिशाळ मासे आणि आंबवलेल्या ज्वारीची बादली



व्हिडिओ पाहिला असेल, तर बादलीचं झाकण उघडल्याबरोबर कॅमेरा धरणारा दोन पावलं मागं का सरकला हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वास काही स्क्रीनमधून येत नाही, म्हणून आज लिहून सांगतोय. बादलीत होती आपलीच ज्वारी, पाच दिवस आंबवलेली. आणि विषय आहे मागूर, शिंगी, शिवडा असे मिशावाले मासे चारा टाकून एका जागी कसे गोळा करायचे, कसे धरायचे, आणि त्यातून खरंच दोन पैसे सुटतात का.

हा विषय किल्लारीतच का? किल्लारी म्हटलं की बाहेरच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. भूकंपानंतर गावं नव्या जागी वसली. शेतं आणि तेरणा नदी होती तिथंच राहिली. जवळच माकणीचं धरण, म्हणजे निम्न तेरणा प्रकल्प. त्यात गेल्या काही वर्षांत शिवारात शेततळी झाली. पाणी दिसलं की तरुण पोरांच्या डोक्यात मासा येतोच, आणि मासा आला की मोबाईलवर 'हा मसाला टाका, पाच मिनिटांत मासेच मासे' असले व्हिडिओ येतात. लोक मसाला विकत घेतात, टाकतात, अन् रिकाम्या हातानं घरी येतात. तेवढ्यासाठी हा लेख.

आधी दोन शब्द वेगळे करू

गळाला लावतो ते आमिष. नुसतं पाण्यात टाकतो तो चारा. इंग्रजीत त्याला चम म्हणतात, बंगाली माणूस 'चार' म्हणतो, म्हणजे शब्द जवळजवळ आपलाच. आमिष माशाच्या तोंडात जायला हवं. चाऱ्याचं काम निराळं आहे: माशाला या जागेपर्यंत आणायचं आणि तो थोडा वेळ इथंच हुंगत फिरत राहील असं करायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चारा मासा तयार करत नाही. आसपास जो मासा आहे, तोच तो एका जागी जमवतो. तळ्यात मासा नसेल तर क्विंटलभर चारा टाकला तरी तिथं फक्त चिखल वाढेल. लातूरकरांना २०१६ वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी जे तळं तळापर्यंत आटतं, त्यातले रोहू-कटला संपतात. पुढच्या पावसात तळं भरलं म्हणजे मासे परत आले असं नसतं, बीज सोडावं लागतं. मागूर आणि शिंगी मात्र चिवट. त्यांना कल्ल्यांबरोबरच हवेतला श्वास घ्यायची वेगळी सोय असते, म्हणून थोड्या पाण्यात, ओल्या चिखलातसुद्धा ते बराच काळ तग धरतात. दुष्काळी भागात मिशावाला मासा टिकून राहतो त्याचं कारण हे.

म्हणून चाऱ्यावर पहिला रुपया खर्च करण्याआधी दोन संध्याकाळी नुसतं काठावर बसा. मागूर-शिंगी हवा घ्यायला वर येतात, क्षणभर तोंड काढतात आणि परत खाली जातात. पाण्यावर असं 'बुळुक' होताना दिसलं तर जागा जिवंत आहे.

अंगभर जीभ असलेला मासा

हे मासे वासाला इतके का भुलतात? नजर अधू, पाणी गढूळ, फिरण्याची वेळ रात्रीची. मग काम चालतं मिशांवर. मागूर आणि शिंगीला आठ-आठ मिशा असतात, शिवड्याला चार. या मिशांवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात, आणि मिशांवरच कशाला, सगळ्या अंगाच्या कातडीवर असतात. येल अटेमा नावाच्या संशोधकानं १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका मिशाळ माशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या माशाच्या अंगावर पावणेदोन लाखांहून जास्त चव-कळ्या मोजल्या गेल्या. माणसाच्या तोंडात काही हजार असतात. म्हणजे हा मासा पाण्यातून जाता जाता शेपटीनंसुद्धा चव घेतो!

पेंड, आंबलेलं धान्य, गांडूळ यांतून प्रथिनांचे बारीक घटक पाण्यात विरघळतात. मासा नेमका त्यांचाच माग काढत येतो. त्यामुळे चाऱ्याचा वास आपल्या नाकाला किती उग्र लागतो याला फार किंमत नाही. अत्तर, व्हॅनिला, रंगीत पावडर टाकून दोनशे रुपयाला विकलेल्या पाकिटात पाण्यात विरघळणारं प्रथिन किती आहे, हे विचारा.

आणखी एक गंमत. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश, ज्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांनी १९२३ मध्ये एक निबंध लिहिला होता. विषय: शिट्टी वाजवली की येणारा मिशाळ मासा. ते शिट्टी वाजवायचे आणि मग खाऊ द्यायचे. काही दिवसांनी नुसत्या शिट्टीवर मासा बिळातून बाहेर यायला लागला. तुमचं स्वतःचं शेततळं असेल तर हा प्रयोग फुकट आहे. रोज ठरलेल्या वेळी, त्याच कोपऱ्यात, खाद्य टाकण्याआधी बादलीवर तीन टकटक करा. पंधरा-वीस दिवसांत मासे त्या कोपऱ्यात वाट बघायला लागतील. ज्या दिवशी धरायचे असतील त्या दिवशी निम्मं काम आधीच झालेलं असेल.

ज्वारीची बादली

अमेरिकेत टेक्सासकडचे लोक तलावात मिशाळ मासे धरायला जे आंबवलेलं धान्य टाकतात, त्यातलं एक धान्य म्हणजे 'मायलो'. मायलो म्हणजे आपली ज्वारी. ज्या धान्याची आपण भाकरी खातो, तेच तिकडं गुरांना घालतात आणि मासे धरायला आंबवतात. त्यांची दुसरी युक्ती म्हणजे गुरांच्या खुराकाच्या कांड्या पाण्यात टाकणं. बऱ्याचदा त्यांत सरकी पेंड असते. आपल्याकडं ज्वारीही आहे, सरकी पेंडही आहे, आणि लातूर तर सोयाबीनचं मार्केट. पेंडीला तोटा नाही. बाहेरून काही मागवायची गरजच नाही.

कृती अशी. वीस लिटरची झाकणाची बादली घ्या. पाच किलो ज्वारी घाला. बादली निम्म्याच्या वर भरायची नाही, कारण दाणा फुगतो. ज्वारीच्या वर वीतभर पाणी येईल इतकं भरा, अर्धा किलो गूळ कालवा. झाकण ठेवा, पण घट्ट दाबू नका. आंबताना गॅस होतो. घट्ट बसवलेलं झाकण उडालं की अंगावरचे कपडे टाकूनच द्यावे लागतात. बादली उन्हात ठेवा. आपल्या उन्हाळ्यात चार दिवस पुरतात, हिवाळ्यात आठवडा लागतो. दाणा बोटानं चिरडला जायला लागला आणि पाण्यावर फेस आला की चारा तयार. टाकायच्या दिवशी त्यात किलोभर शेंगदाणा किंवा सरकी पेंड भिजवून मिसळा.

मग काळी माती. आपली चिकट काळी माती या कामाला देवानं दिल्यासारखी आहे. दोन भाग चारा आणि एक भाग माती मळून लिंबापेक्षा मोठे, संत्र्याएवढे गोळे करा. सुट्टा दाणा पाण्यात पसरतो, लहान मासे वरच्या वर उडवतात. गोळा थेट तळाला जातो आणि हळूहळू सुटतो. मिशाळ मासा तळालाच फिरतो.

इथं दोन ठिकाणी हात आखडा. एक, घरात पेरणीतून उरलेलं बियाणं असतं, लाल-गुलाबी रंग लावलेलं. त्याला बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेलं असतं. ते कितीही फुकट असलं तरी पाण्यात टाकायचं नाही. ते माशाला विष, आणि तो मासा खाणाऱ्या तुमच्या लेकराबाळांनाही धोका. दोन, पावसात काळी पडलेली ज्वारी चालेल, पण हिरवी-काळी लव आलेली, गोळे झालेली बुरशीची ज्वारी नको. आंबवणं वेगळं आणि कुजवणं वेगळं. आंबवलेल्याला आंबट, ताकासारखा वास येतो. सडका वास आला तर बादली उकिरड्यात ओता.

कुठं, कधी, किती

वेळ दिवेलागणीची. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर हे मासे जोरात खातात. पौष-माघाच्या थंडीत त्यांची भूक मंदावते, तेव्हा चाऱ्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. जागा अशी बघा की काठापासून दहा-पंधरा फुटांवर पाणी पुरुषभर खोल होतं, तळ फार झाडोऱ्याचा नाही, आणि जवळ लपायला दगड, बुडालेली बाभूळ किंवा काठाची कपार आहे.

वाहत्या पाण्यात वास खालच्या अंगाला जातो आणि मासा त्याचा माग काढत वर येतो. म्हणून गोळे थोडे वरच्या बाजूला टाका आणि गळ त्यांच्या जरा खाली ठेवा. उलटं केलं तर मासा चाऱ्यावर येईल आणि गळ त्याच्या पुढं लोंबत राहील. साठलेल्या पाण्यात ओढ नसते, वास सावकाश पसरतो, तिथं धीर धरावा लागतो.

सुरुवातीला चार गोळे. बास. अर्ध्या तासानं दोन. मग दर अर्ध्या तासाला एक-एक. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथंच घोटाळा करतो. उत्साहात आख्खी बादली ओततो. मासे येतात, पोटभर जेवतात आणि तुमच्या गळाकडं ढुंकून न बघता निघून जातात. दुकानदार मित्रांनो, चवीला दिलेल्या नमुन्यानंच गिऱ्हाइकाचं पोट भरलं तर तो किलोभर कशाला घेईल? वास भरपूर आणि घास थोडा, एवढंच ध्यानात ठेवा. आणि जागा बदलू नका. तीन संध्याकाळी तीच जागा, तीच वेळ. पहिल्या दिवशी काही लागलं नाही म्हणून चौथ्या काठावर पळणारा माणूस दर वेळी पहिल्याच दिवसावर राहतो.

आता चाऱ्यावर येतं कोण, हेही बघू. ज्वारी-पेंडीवर आधी येतात बारके मासे, चिलापी, एखादा रोहू. मागूर सगळंच खाणारा, तो येतो. शिंगीला गांडूळ, किडे जास्त आवडतात, पण ती तळातल्या गडबडीत सामील होते. शिवडा म्हणजे, काही गावांत पडीन म्हणतात तो, मोठ्या तोंडाचा शिकारी. त्याला ज्वारीचं काही सोयरसुतक नाही. तो येतो चाऱ्यावर जमलेल्या बारक्या माशांसाठी. नावं दर वीस कोसांवर बदलतात, त्यावरून वाद घालू नका. मिशा आणि तोंड बघा. पण धोरण यावरून ठरतं. चारा सगळ्यांना बोलावतो, निवड गळावरचं आमिष करतं. मागूर-शिंगी हवी तर गांडुळांचा जुडगा तळाला टेकवा, शिवडा हवा तर छोटा मासा लावा. शिवड्याला तंगूस जाड घ्या, त्याचे दात बारीक पण भरपूर असतात.

हात जपा. शिंगीच्या कल्ल्यांमागच्या दोन काट्यांत विष असतं. मागूरचा काटाही चांगलाच झोंबतो. ओल्या जाड फडक्यानं डोक्यामागून धरा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास बुडवून ठेवा, कळ कमी होते. सूज वाढली, दम लागला तर सरळ दवाखाना. अंधारात काठावर एकटं जाऊ नका, आणि तेरणेला पूर असताना तर अजिबात नाही.

पाणी कोणाचं?

हा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण धंदा इथंच बुडतो. धरणाच्या, पाझर तलावाच्या पाण्यातला मासा 'सरकारी म्हणजे आपलाच' असा नसतो. मासेमारीचा हक्क ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. त्या संस्थांनी बीज सोडलेलं असतं, त्यात भोई समाजातल्या कुटुंबांची पोटं असतात. तुम्ही चारा टाकून त्यांनी सोडलेला मासा उचलता तेव्हा ती चोरीच होते, गळ कितीही छोटा असू द्या. आधी संस्थेच्या अध्यक्षांना जाऊन भेटा. "आबा, हौस म्हणून गळ टाकायचाय, काय फी असेल ती देतो," एवढं सरळ विचारलं तर बऱ्याच ठिकाणी मार्ग निघतो. सभासद होता येतं का, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात काय नियम आहे, हेही विचारून घ्या. जिलेटीन, करंट, पाण्यात औषध, हे तर गुन्हेच आहेत. त्यावर मी एक ओळही जास्त लिहिणार नाही.

दुसरं, माकणीचं पाणी आसपासची गावं पितात. चिकनच्या दुकानातली आतडी पोत्यात भरून धरणात सोडायची, मासे लवकर जमतात, असा सल्ला काही जण देतात. मासे जमतीलही. पण तेच पाणी नळानं तुमच्या घरी येणार आहे. ज्या जिल्ह्यानं पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिली, तिथं पिण्याच्या पाण्यात सडकं मांस टाकणाऱ्याला काय म्हणावं! नदीत, धरणात धान्य आणि पेंड, तीही ओंजळीनं. मांसाचा कचरा अजिबात नाही.

मांसाच्या कचऱ्यावरूनच तिसरी गोष्ट निघते, आणि यात लोकांचे खरे पैसे अडकलेत. कोणीतरी फोन करतं: "मांगूरचं बीज देतो, सहा महिन्यांत किलोचा मासा, खाद्याचा खर्च शून्य, चिकनचा कचरा टाका." हा आपला देशी मागूर नाही. देशी मागूर सहा-आठ महिन्यांत शे-दीडशे ग्रॅमच्या आसपासच भरतो. जो इतका झपाट्यानं वाढतो, तो आफ्रिकन मागूर, बाजारात 'थाई मांगूर' म्हणतात तो. त्याच्या पालनावर केंद्र सरकारनं २००० सालीच बंदी घातलीय. पुढं राष्ट्रीय हरित लवादानंही त्यावर कडक आदेश दिले, आणि उजनीच्या काठी इंदापूरकडं मत्स्यव्यवसाय विभागानं अशी तळी रिकामी करून मासे नष्ट केले. नुकसानभरपाई विसरा. हा मासा तळ्यातून ओढ्यात निसटला की समोर येईल तो मासा खातो, देशी जात संपवतो. बिहार देशी मागूरला राज्यमासा म्हणून जपतंय आणि आपण घरात चोर पोसायचा का? बीज घेताना पक्कं बिल आणि सरकारी किंवा नोंदणी असलेलं बीज केंद्र, एवढं तरी बघाच.

शेततळं असेल तर

'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ ला आली, तिच्यातलं मोठं तळं ३० मीटर बाय ३० मीटर बाय ३ मीटरचं. असं तळं असणाऱ्यांनी धरणाचे नियम जसेच्या तसे वापरू नयेत. इथं दोन धोके आहेत.

पहिला, प्राणवायूचा. उरलेला चारा तळाला कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. रात्रभर झाडं-शेवाळही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे पाणी सगळ्यात गुदमरलेलं असतं. सकाळी जाऊन बघावं तर रोहू-कटला पांढरे पोट वर करून तरंगतायत, आणि मागूर मजेत, कारण तो वरची हवा घेतो. संध्याकाळी बादली ओतली आणि पहाटे हजारो रुपयांचा माल गेला, असं व्हायला वेळ लागत नाही. छोट्या तळ्यात एका वेळी दोन-तीन गोळ्यांच्या वर जाऊ नका. पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले तर त्या दिवशी चारा आणि खाद्य दोन्ही बंद, आणि मोटर लावून पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा.

दुसरा धोका अस्तराचा. तळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर गळ टाकायचाच नाही. गळ रुतला, तुम्ही झटका दिला, कागद फाटला. मासा शंभर रुपयांचा आणि गळती सगळ्या हंगामाची! तिथं उचलायचं जाळं वापरा. चौकोनी जाळ्याच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधा, मधोमध चाऱ्याचा एक गोळा फडक्यात बांधून ठेवा, जाळं तळाला सोडा. वजनाला टोकदार शिसं नको, वाळूच्या छोट्या पिशव्या लावा. अर्ध्या-पाऊण तासानं दोघांनी चारही दोऱ्या एकदम उचलायच्या. मोठे निघतील ते घ्या, बारके परत सोडा. टकटक करून जागेची सवय लावलेली असेल तर हे जाळं फार सुरेख चालतं. पावसाळ्यात पोट टम्म फुगलेली मादी दिसली तर तीही परत सोडा. पुढच्या वर्षीचा माल तिच्या पोटात आहे.

आता वही काढा

आपल्या चॅनेलवर हिशेबाशिवाय काही संपत नाही. आकडे माझे 'समजा'चे आहेत, तुमच्या बाजारातले भाव तुम्ही घाला.

समजा ज्वारी ३० रुपये किलो, पाच किलोचे १५०. पेंड ४०, गूळ २५. एकूण २१५. या बादलीत सहा संध्याकाळी निघतात, म्हणजे संध्याकाळी ३६ रुपये. गांडूळ, गळ, तंगूस धरून ३०. नव्या गावातून काठापर्यंत जाऊन-येऊन पेट्रोल ६०. झाले सव्वाशे. चार तास बसलात, दोन किलो मासा मिळाला, २०० रुपयांनी गेला, ४०० आले. हातात २७५. वाटतं, बरं आहे की!

पण रोज मासा लागत नाही. सहातल्या दोन संध्याकाळी रिकाम्या धरा. चार दिवसांचे १६००, सहा दिवसांचा खर्च ७५०. उरले ८५०, आणि तुम्ही बसलात चोवीस तास. तासाला पस्तीस रुपये. याच्यापेक्षा शेतात हजेरी जास्त पडते. घरच्या कालवणाला आणि हौसेला हे काम उत्तम आहे. संस्थेच्या सभासदाला, ज्याची होडी-जाळी आहेत, त्याला चारा हा जोड म्हणून उपयोगी आहे. पण नोकरी सोडून गळावर घर चालवायचं ठरवत असाल तर ही बेरीज भिंतीवर चिकटवा आणि मग ठरवा.

मला यात जास्त रस वाटतो तो चाऱ्याच्या पाकिटात. कोलकात्याकडं हौशी गळवाल्यांसाठी तयार 'चार' दुकानात मिळतो. मोहरीची पेंड, मेथी आणि असलीच वासाची मुळं-मसाले घालून करतात. आपल्याकडं पुण्या-सोलापुरातले हौशी लोक ऑनलाइन परदेशी पाकिटं मागवतात. ज्वारी आपली, पेंड आपली, तेलघाण्या आपल्या, मग पाकीट बाहेरचं का? आंबवलेला ओला माल पाकिटात टिकत नाही, फुगून फुटतो. म्हणून कोरडं मिश्रण करा: ज्वारीचा भरडा दोन भाग, शेंगदाणा पेंडीची पूड एक भाग, भाजलेल्या मेथीची पूड मूठभर, थोडी गूळ पावडर. सगळं कडक उन्हात वाळवून मगच भरा, ओल राहिली की बुरशी आलीच. गिऱ्हाइकानं काठावरची माती आणि पाणी घालून गोळे करायचे.

आणि विकायच्या आधी चाचणी. एकाच काठावर पन्नास पावलांच्या अंतरानं दोन जागा, दोन्हीकडं सारखाच गळ, सारखंच आमिष. एकीकडं तुमचा चारा, दुसरीकडं काहीच नाही. दर संध्याकाळी बाजू बदला, नाहीतर जागेचा गुण चाऱ्याच्या नावावर जमा होईल. दहा संध्याकाळी करा आणि रोज लिहा: तारीख, वेळ, पाणी गढूळ की निवळ, पहिला मासा किती मिनिटांनी, कोणता, किती वजनाचा, रिकामा दिवस असेल तर तोही. फरक दिसला तर दहा पाकिटं भरा, ओळखीच्या दहा गळवाल्यांना अर्ध्या किमतीत द्या आणि त्यांनाही हीच वही लिहायला लावा. फुकट देऊ नका. फुकटच्या पाकिटाचा निकाल कोणी सांगत नाही.

पाकिटावर 'हमखास मासा' असं छापू नका. वजन, घटक, भरल्याची तारीख, 'एका वेळी चार गोळ्यांपेक्षा जास्त टाकू नये' आणि 'मासेमारीची परवानगी असलेल्याच पाण्यात वापरावे', एवढं मराठीत मोठ्या अक्षरात छापा.